पोप बेनेडिक्ट यांना आभाराचं पत्र लिहायचं आहे, काय लिहू?

मरोळची_लेक | १२ फेब्रुवारी २०१३, सकाळी ९.४०

पोप बेनेडिक्ट सोळावे २८ फेब्रुवारीला पायउतार होणार, हे कालपासून सगळ्या वाहिन्यांवर चाललंय. का सोडलं, आतलं कारण काय, पुढचा कोण, यावर तिथे भरपूर बोलणं होतंय. मला वेगळंच विचारायचं आहे. मला त्यांना आभाराचं पत्र लिहायचंय, ते जायच्या आत.

मी अंधेरीजवळच्या मरोळची, ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळ ख्रिस्ती समाजातली) कॅथलिक. घरात मराठी, देवळात मराठी मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना. मिस्सेत पोपचं नाव दर वेळी घेतलं जातं, म्हणून ते कानावरचं. पण रोममधल्या त्या माणसाशी आपला काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आधीचे जॉन पॉल दुसरे सगळ्यांचे लाडके होते. हे अबोल, प्राध्यापकी वळणाचे, पुस्तकांत रमणारे.

२००८ च्या पावसाळ्यात माझे मिस्टर गेले. कामावर असताना, अचानक. खूप काही बोलायचं राहून गेलं. त्यानंतर मी देवळात जायचे, सगळ्यांबरोबर उठायचे, बसायचे, पण प्रार्थना होत नव्हती. गेलेल्या माणसासाठी आपण काही मागितलं तर ते त्याला पोचतं का, हा एकच प्रश्न डोक्यात असायचा. नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, आमच्या प्रार्थनागटात एका फादरांनी पोप बेनेडिक्ट यांची आशेवरची एन्सायक्लिकल, म्हणजे पोपनी सगळ्या ख्रिस्तसभेला लिहिलेलं पत्र, वाचायला घेतली. 'स्पे साल्वी', ३० नोव्हेंबर २००७ ला निघालेली. हातात इंग्रजी प्रत, समजावणं मराठीत.

शेवटाकडे त्यात असं आहे की कुठलाही माणूस सुटा जगत नाही. आपली आयुष्यं एकमेकांत गुंतलेली असतात आणि मरणानं ती गुंतवण सुटत नाही. म्हणून गेलेल्यासाठी केलेली प्रार्थना त्याला परकी नसते. आणि तिथे पृथ्वीवरचा वेळ मोजला जात नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या हृदयापर्यंत पोचायला कधीच उशीर झालेला नसतो. हे मी माझ्या शब्दांत सांगतेय. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि मिस्टरांच्या नावानं पूर्ण रोझरी (जपमाळ) म्हटली. तेव्हापासून ती कधी चुकली नाही.

एवढं मोठं देणं ज्याचं आहे, तो माणूस आता पंचाऐंशीव्या वर्षी थकलो म्हणून जातोय. त्याला कुणीतरी मरोळहून सांगायला हवं. मराठीत लिहिलं तर चालेल का? पत्ता काय घालायचा? आणि पत्रात काय असावं, काय नसावं?

---

सदाफुली | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

ताई, लिहाच. वाचताना डोळे भरून आले. मी हिंदू, पण माझ्या आईच्या बाबतीत हाच प्रश्न मलाही पडतो.

---

आगाशीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

मराठीत लिहा, बिनधास्त. आमच्या वसईतले कितीतरी धर्मगुरू रोममध्ये शिकून आलेत, काही आजही तिथे शिकताहेत, त्यामुळे मराठी वाचणारा माणूस मिळेलच. तरी सोबत इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये एक पान जोडा, म्हणजे टपाल उघडणाऱ्याला पत्र कशाबद्दल आहे ते लगेच कळेल. पत्त्यात नाव, खाली व्हॅटिकन सिटी आणि पिनकोड ००१२०. दुसरा मार्ग म्हणजे दिल्लीत चाणक्यपुरीला व्हॅटिकनचा दूतावास आहे, तिथे पाठवायचं.

इटालियन पान मी करून देऊ शकतो. भावाला येतं.

---

पापलेट | १२ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

उद्या राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू. ज्यांना मटण करायचंय त्यांनी आज रात्रीच उरका, मग ईस्टरपर्यंत माझ्या नावाचीच चलती आहे.

पत्राची कल्पना मस्त. माझीही सही घ्या.

---

जुनी_डोंगरी | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

मी वयानं तुमच्यात बहुतेक सगळ्यात मोठा, त्यामुळे स्पष्ट बोलतो. पत्र लिही बाई, त्यात काही वावगं नाही. पण पद सोडल्याबद्दल आभार, हे मला पटत नाही. पोप म्हणजे आपला बाप. म्हातारा झाला, हातपाय चालेनात, म्हणून बाप बापपण सोडत नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये जॉन पॉल मुंबईत आले तेव्हा उत्तनहून आम्ही बायकापोरांसकट शिवाजी पार्कला गेलो होतो. केवढा खणखणीत माणूस! आणि तोच माणूस २००५ च्या ईस्टरला खिडकीत आला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हातानं आशीर्वाद दिला आणि आत गेला. त्याच आठवड्यात, २ एप्रिलला, वारला. माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. ते बघून ती म्हणाली, "माझ्यासारखंच झालंय त्यांचं, पण बघा, लपवत नाहीत." तिला त्या दुखण्यातून जो धीर मिळाला तो कुठल्याही प्रवचनातून मिळाला नसता. पोपनी शेवटपर्यंत राहावं ते यासाठी.

---

कायद्याचं_बोला | १२ फेब्रुवारी, दुपारी २.२०

थोडी माहिती, कारण वाहिन्यांवर सरमिसळ चालू आहे.

पोपना पद सोडता येतं हे धर्मकायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, कलम ३३२. दोनच अटी: निर्णय स्वतःच्या इच्छेनं घेतलेला असावा आणि तो नीट जाहीर केलेला असावा. तो कुणी मंजूर करायची गरज नाही, कारण वर मंजूर करणारा कुणी नाहीच. बिशपांनी पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो आणि ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलांना (पोप निवडणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंना) पोपच्या निवडणुकीत मत नसतं. पोपला मात्र वयाची मर्यादा नाही. तेरावे लिओ १९०३ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी पदावर असतानाच वारले.

'सहाशे वर्षांत प्रथमच' म्हणतात ते १४१५ चे बारावे ग्रेगरी. पण तेव्हा एकाच वेळी तिघे जण पोपपदावर हक्क सांगत होते आणि तो तंटा मिटवायला कॉन्स्टन्सच्या परिषदेत त्यांनी पद सोडलं. आपण होऊन सोडलेलं आठवायचं तर १२९४ चे पाचवे सेलेस्टिन. डोंगरात एकांतात राहणारे तपस्वी होते, इच्छा नसताना पोप झाले आणि काही महिन्यांत सोडून गेले. पुढच्या पोपनी त्यांना किल्ल्यात डांबून ठेवलं, तिथेच ते वारले. नंतर ख्रिस्तसभेनं त्यांना संत घोषित केलं.

आता लक्ष देण्यासारखं. एप्रिल २००९ मध्ये लाक्विला गावात भूकंप झाला, तेव्हा बेनेडिक्ट तिथे गेले होते. सेलेस्टिन यांची समाधी त्याच गावात आहे. बेनेडिक्ट यांनी स्वतःचा पॅलियम, म्हणजे पोपनी खांद्यावर घ्यायची लोकरीची पट्टी, त्या समाधीवर ठेवली आणि परत आले. तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही.

---

गिरगाव_चौपाटी | १२ फेब्रुवारी, दुपारी ३.००

बापरे, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे वानप्रस्थ सांगितला आहे, पण तो कुणी घेताना दिसत नाही. सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा खुर्ची सोडत नाही. मला खरंच विचारायचंय, हे आता राहणार कुठे? गावी जाणार का?

---

आगाशीकर | १२ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

गावी नाही. आधी रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी वाड्यात. मग व्हॅटिकनच्याच आवारात जोगिणींचा (नन्सचा) एक जुना मठ आहे, त्याची दुरुस्ती चालू आहे, तिथे. प्रार्थना, वाचन आणि पियानो. मोझार्ट वाजवतात ते.

---

नास्तिक_नाना | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

मरोळच्या ताई, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून आदर आहे. म्हणून हे लिहावं की नाही असा विचार दुपारभर केला. शेवटी लिहितोय.

ज्या मुलांवर पाद्र्यांकडून अत्याचार झाले त्यांनी या माणसाचे आभार मानावेत का? आयर्लंड, अमेरिका, जर्मनी, किती ठिकाणची प्रकरणं बाहेर आली. हे गृहस्थ १९८१ पासून व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्याचे प्रमुख होते, त्यानंतर आठ वर्षं पोप. तुम्हाला त्यांच्याकडून आशा मिळाली हे खरं. पण आभाराचं पत्र म्हणजे एक प्रकारे सगळ्या कारकिर्दीवर सही करणं नाही का?

---

पापलेट | १२ फेब्रुवारी, रात्री ८.१०

नाना, इथे नको ना हे आत्ता.

---

डॉ_विदुला | १२ फेब्रुवारी, रात्री ९.३०

@पापलेट, विचारू दे. प्रश्न रास्त आहे, भाषाही सभ्य आहे.

मी जुनी_डोंगरी काकांना उत्तर देते. काका, माझे वडील दादरला सर्जन होते. उत्तम हात. एक दिवस त्यांना टाके घालताना बोट किंचित थरथरलेलं जाणवलं. त्यांच्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या आठवड्यातली ठरलेली ऑपरेशन्स त्यांनी सहकाऱ्यांकडे सोपवली आणि पुन्हा थिएटरमध्ये गेले नाहीत. सगळे म्हणाले, अजून पाच वर्षं आरामात करता. आई तर चिडलीच. ते एवढंच म्हणाले की हात माझा असला तरी पोट दुसऱ्याचं आहे.

पोपनी काल वाचून दाखवलेल्या निवेदनात हेच आहे. विवेकबुद्धीची देवासमोर पुन्हा पुन्हा तपासणी केली, वयामुळे अंगात बळ उरलं नाही आणि ही जबाबदारी पेलायला शरीराचं आणि मनाचं दोन्ही बळ लागतं, असं ते म्हणालेत. आणि शेवटी स्वतःच्या उणिवांबद्दल क्षमा मागितली आहे. आज व्हॅटिकननं सांगितलंय की त्यांना पेसमेकर आहे, हे आधी कुणाला माहीत नव्हतं. जॉन पॉल यांनी दुखणं दाखवलं, त्यातून तुमच्या मिसेसना बळ मिळालं. यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली. आजारी माणसांना दोन्ही लागतात, हे मी रोज वॉर्डात बघते.

---

जुनी_डोंगरी | १२ फेब्रुवारी, रात्री १०.०५

विदुला बेटा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार. पण सर्जनच्या जागी दुसरा सर्जन येतो. बापाच्या जागी कोण येणार?

---

मरोळची_लेक | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

कपाळाला राख लावून आत्ताच देवळातून आले. नानांचं उत्तर कालच लिहायला घेतलं होतं, पण रात्री पुरं झालं नाही.

नाना, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. त्या मुलांचा विचार माझ्या मनात नाही असं समजू नका. मला दोन मुलगे आहेत, दोघंही लहानपणी अल्टर बॉय होते, मिस्सेत फादरांना मदत करायचे. ती प्रकरणं वाचताना माझ्या पोटात काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. पोप बेनेडिक्ट एप्रिल २००८ मध्ये वॉशिंग्टनला पीडितांना भेटले, नंतर सिडनीला, माल्टालाही भेटले. मार्च २०१० मध्ये त्यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं, त्यात लाज आणि पश्चात्ताप उघड आहे. पण पुष्कळ पीडित म्हणतात की हे पुरेसं नाही, उशिरा झालं, ज्या बिशपांनी झाकून ठेवलं त्यांना शिक्षा झाली नाही. असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांचा हिशेब माझ्या आभारांनी फिटत नाही. फिटू नयेच.

तरीही मला जे मिळालं ते मिळालंच. ते नाकारलं तर मी खोटं बोलेन. माझं पत्र कारकिर्दीचं प्रगतिपुस्तक नाही. एका विधवा बाईनं एका म्हाताऱ्या धर्मगुरूला सांगायचंय की तुम्ही लिहिलेलं माझ्यापर्यंत पोचलं. एवढंच.

---

नास्तिक_नाना | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

उत्तर पटलं. विशेषतः 'फिटू नयेच'. लिहा तुम्ही.

---

नसीम_कुर्ला | १३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी कोकणी मुसलमान, मूळ श्रीवर्धनचे आम्ही, आता कुर्ल्याला. पोप बेनेडिक्ट हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते वाईट कारणानं. सप्टेंबर २००६ मध्ये जर्मनीत, रेगेन्सबुर्गच्या विद्यापीठात, त्यांनी एका जुन्या बायझंटाईन बादशहाचं इस्लामबद्दलचं कठोर वाक्य उद्धृत केलं. खूप दुखावलो होतो आम्ही. नंतर त्यांनी खुलासा केला की ते मत त्यांचं स्वतःचं नाही.

पण त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ते इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले. पायातले बूट काढले आणि इमामांच्या शेजारी, किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड करून, गप्प उभे राहिले. अब्बांनी तो फोटो पेपरातून कापून कपाटात ठेवला. मी विचारलं, आता राग गेला का? म्हणाले, "राग वेगळा, हा फोटो वेगळा." मरोळच्या ताईंचं नानांना दिलेलं उत्तर वाचून अब्बांची आठवण झाली.

---

सदाफुली | १३ फेब्रुवारी, दुपारी २.००

नसीम, किती छान लिहिलंस.

---

प्रभादेवी_४०० | १३ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

अवांतर: १९६४ मध्ये मुंबईत पोप आले होते ना? माझी आजी ओव्हल मैदानाचं काहीतरी सांगायची. आम्ही पक्के कोकणस्थ, पण ती बघायला गेली होती म्हणे.

---

जुनी_डोंगरी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.२०

पोप पॉल सहावे. डिसेंबर १९६४, आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या मोठ्या धार्मिक मेळाव्यासाठी. मी शाळकरी पोरगा. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हलवर वेदी उभारली होती आणि माणसांचा समुद्र. तुझी आजी एकटी नव्हती हो, निम्मी मुंबई धर्म न विचारता आली होती. शस्त्रांवरचा खर्च कमी करा आणि तो पैसा गरिबांना द्या, हे आवाहन त्यांनी जगाला मुंबईतूनच केलं. जाताना स्वतःसाठी आणलेली पांढरी मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसे उभे केले.

बघ, त्या पोपनी मोटार सोडली, ह्यांनी गादी.

---

कायद्याचं_बोला | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

काका, 'सोडली' हे तुम्हीच चांगल्या अर्थानं लिहिलंत. नोंद घेतली आहे. :)

आणि ऐंशीनंतर कार्डिनलांना मत नाही, हा नियम याच पॉल सहाव्यांनी १९७० मध्ये केला.

---

पापलेट | १४ फेब्रुवारी, सकाळी ९.००

काल रात्री सेंट पीटरमधली राखेच्या बुधवारची मिस्सा बघितली का कुणी? पोप म्हणून त्यांची ही शेवटची जाहीर मिस्सा. शेवटी टाळ्या थांबेचनात. मायटर (डोक्यावरची उंच टोपी) काढून उभे असलेले बिशप डोळे पुसत होते. आणि ते काय म्हणाले असतील? "धन्यवाद, आता प्रार्थनेकडे वळू या." बस्स.

---

गिरगाव_चौपाटी | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

आपल्या मुंबईच्या कार्डिनलना मत आहे का नव्या पोपच्या निवडणुकीत?

---

आगाशीकर | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

हो. भारतातून पाच जण: मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस, मुंबईचे माजी आर्चबिशप आयव्हन डायस, रांचीचे तेलेस्फोर टोप्पो आणि केरळचे आलेंचेरी व क्लीमिस. पाचांपैकी तिघांना लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, बेनेडिक्ट यांनीच दिली. ताई, पत्र कुठवर आलं?

---

मरोळची_लेक | १७ फेब्रुवारी, रात्री १०.२०

मसुदा झाला. इथे ठेवते. जे खटकेल ते मोकळेपणानं सांगा.

"परमपूज्य पोप महोदयांस, मुंबईतल्या मरोळ इथून एका कॅथलिक बाईचा सप्रेम नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. २००८ साली माझे पती वारले आणि त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. आपण आशेवर जे लिहिलंत ते आमच्या फादरांनी आम्हाला आमच्या भाषेत समजावून सांगितलं. गेलेल्यांसाठी केलेली प्रार्थना वाया जात नाही, हे आपल्यामुळे मला कळलं. सुदानच्या बखिताबद्दल आपण लिहिलंत तेही मी विसरले नाही. लहानपणी पळवून नेलेली, पाच वेळा बाजारात विकली गेलेली, अंगभर वळ असलेली ती मुलगी. सगळ्या मालकांच्या वर एक मालक आहे, तो आपल्याला ओळखतो आणि आपल्यावर प्रेम करतो, हे कळल्यावर ती मोकळी झाली. आमच्या गटात घरकाम करणाऱ्या बायका आहेत. त्या बखिताचं नाव घेऊन प्रार्थना करतात.

आपण आता पद सोडत आहात. माझे सासरे आमच्या देवळात क्वायरचे मास्तर होते. बोटं वळेनाशी झाल्यावर त्यांनी ऑर्गनची किल्ली एका तरुण मुलीच्या हातात दिली आणि नंतर दर रविवारी मागच्या बाकावर बसून तिचं वाजवणं ऐकलं. एकदाही चूक काढली नाही. आपली बातमी ऐकली तेव्हा मला ते आठवले. किल्ली देणं किती जड गेलं असेल, हे मी घरात पाहिलं आहे. त्याबद्दलही आभार.

रोज रोझरीत मिस्टरांच्या नावानंतर आता आपलं नाव घेईन. आपल्याला चांगली झोप लागो."

---

सदाफुली | १७ फेब्रुवारी, रात्री १०.४५

एक अक्षर बदलू नका.

---

कायद्याचं_बोला | १७ फेब्रुवारी, रात्री ११.१०

'मिस्टरांच्या नावानंतर' कशाला? मिस्टर वारलेत, पोप हयात आहेत. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. 'रोज रोझरीत आपलंही नाव घेईन' पुरे.

---

डॉ_विदुला | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

सहमत. आणि झोपेची ओळ ठेवाच. त्या वयाच्या माणसाला याहून चांगली शुभेच्छा नाही.

---

नास्तिक_नाना | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

सासऱ्यांचा परिच्छेद सर्वांत चांगला. माझी सही नको, पण एक सुचवतो. ताई, तुमचं पत्र तुमचंच राहू दे. 'आम्ही सर्व मुंबईकर' वगैरे करू नका.

---

पापलेट | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

नानांशी सहमत. माझी सही मागे घेतो.

---

जुनी_डोंगरी | १८ फेब्रुवारी, दुपारी १२.००

माझं मत बदललेलं नाही. राहायला हवे होते, असंच मला वाटतं. पण पत्र चांगलं झालंय. सही नको म्हणता, ठीक. तरी कडेला कुठेतरी लिही की उत्तनच्या एका म्हाताऱ्यानंही नमस्कार सांगितलाय. बापावर रुसलेला मुलगासुद्धा त्याला स्टेशनवर सोडायला जातोच.

---

मरोळची_लेक | १८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

काका, लिहिते. अगदी तसंच.

---

आगाशीकर | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

इटालियन पान तयार. भावानं टाईप करून दिलंय. ताईंना मेल केलं.

---

मरोळची_लेक | २१ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

पत्र आज अंधेरीच्या पोस्टातून रजिस्टर्ड टपालानं रवाना झालं. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "यांनाच?" मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का जरा जपूनच मारला. आगाशीकर, तुमच्या भावाला माझे आशीर्वाद.

---

नसीम_कुर्ला | २७ फेब्रुवारी, रात्री ८.४५

आजची त्यांची शेवटची जाहीर सभा बघितली. चौक खचाखच भरलेला. जुनी_डोंगरी काकांना सांगायला आले. पोप म्हणाले की मी क्रूस सोडून जात नाही, क्रुसावरच्या प्रभूजवळ वेगळ्या रीतीनं राहणार आहे. आणि असंही म्हणाले की ही जबाबदारी एकदा घेतली की ती कायमचीच असते, पुन्हा खाजगी आयुष्यात परतणं नसतं.

---

जुनी_डोंगरी | २७ फेब्रुवारी, रात्री ९.३०

ऐकलं पोरी. मुलानं लावून दिलं होतं. बापपण सोडत नाही म्हणतोय तो, हे ऐकून जरा बरं वाटलं. विचार करतोय.

---

पापलेट | १ मार्च, रात्री १२.४०

रोममध्ये रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेबारा. स्विस गार्डांनी कास्तेल गांदोल्फोचा दरवाजा बंद केला, भाले आत नेले आणि ड्युटी संपवली. आता पोप नाहीत. कॅमेऱ्यासमोर शेवटचं बोलले तेही चार ओळी, मी आता एक साधा यात्रेकरू आहे म्हणाले. झोपा आता सगळे, उद्या शुक्रवार, कामं आहेत.

---

प्रभादेवी_४०० | १ मार्च, सकाळी १०.१५

उत्तर येईल का ताईंना?

---

मरोळची_लेक | १ मार्च, सकाळी ११.००

येवो न येवो. आभार कळवायचे होते, कळवले. सकाळी आजकाल त्यांच्या नावानं एक 'नमो मारिया' जास्त म्हणते, त्यात नव्या पोपचंही आलं, कोण असतील ते.

---

सदाफुली | ३ मार्च, दुपारी ३.२०

धागा वर काढतेय, माफ करा. ताई, ते आशेवरचं लिखाण कुठे मिळेल? माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान जानेवारीत गेले. ती कुणाशी बोलत नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, पण तिला ते वाचून दाखवावंसं वाटतंय. समजेल का तिला?

---

मरोळची_लेक | ३ मार्च, दुपारी ३.५०

समजेल. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर इंग्रजीत फुकट आहे. पण सुरुवातीपासून वाचू नका, मधला भाग जड आहे, तत्त्वज्ञान पुष्कळ आहे. आधी बखिताचा परिच्छेद, तिसरा. मग थेट अठ्ठेचाळिसावा. माझ्याकडे फादरांच्या बोलण्यावरून मी मराठीत लिहून घेतलेली वही आहे, त्यातली पानं स्कॅन करून पाठवते. आणि बहिणीला चालणार असेल तर मी येऊनही वाचून दाखवीन. कुठे राहतात त्या? व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

सदाफुली | ३ मार्च, दुपारी ४.०५

विलेपार्ले पूर्व. व्यनि केला.